चिन्नोरात लुचई

शामकलाबाईच्या दारातून कोणी रिकाम्या हाताने परत गेलं नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण शामकलाबाईनेच ते सगळ्या गावाला सांगितलं होतं. पाटा मागा, पायली मागा, कंदील मागा, बाळंतिणीसाठी बाज मागा. देताना ती तोंड वाकडं करायची, पण द्यायची. मालगुजारी गेली, नवऱ्याच्या म्हणजे उदारामच्या नावावर धानाच्या चार बांध्या जास्त चढल्या, तेव्हापासून तर देण्याचा तिला एक रुबाबच चढला होता. देणाऱ्याचा हात वर असतो, आणि वर असलेला हात शामकलाबाईला शोभायचा.

पण गेलेली वस्तू सुखाने घरी येईल तर ती शेजारी गेलीच कसली! कंदील गेला तो काच तडकून आला. पाटा गेला तो कोपरा उडवून आला, आणि वर "पहिलेच तसा होता" हेही ऐकून घ्यावं लागलं. पितळेचा गंज, भाताचं मोठं पातेलं, एकाच्या लग्नाला गेला आणि दुसऱ्याच्या बारशाहून परत आला, बुडाशी पोचा घेऊन. शामकलाबाई प्रत्येक पोच्याची कहाणी सांगायची, ज्याने पोचा पाडला त्याच्या तोंडावर सांगायची. "उसनं देनं म्हंजे पोरगी देनं," ती म्हणायची. "गेली की अंगावर नवे डाग, अन् विचारलं तं सासरचेच फुगतात."

या सगळ्यांत वरचढ होती भिंतीपलीकडची रुख्मा, चैतरामची बायको. वयाने शामकलाबाईच्या सुनेसारखी, बोलायला गोड, आणि मागायला येताना कधी मोकळ्या हाताने न येणारी. दोन वांगी घेऊन आली आणि दिवाळीच्या आधी बांबूचे तट्टे घेऊन गेली, घर सारवताना सामान झाकायला पाहिजे म्हणून. चांगले घट्ट विणीचे, नवे तट्टे. दिवाळी होऊन गेली, दिव्यांची काजळी पुसून झाली, वांगी तर त्याच दिवशी पोटात गेली. तट्टे काही आले नाहीत.

मार्गशीर्षात ती मुळ्याची जुडी घेऊन आली, आणि तिने बेलन मागितलं.

बेलन म्हणजे पोळ्या लाटायचं नव्हे. बीजा झाडाच्या लाकडाचा एक अख्खा ओंडका, उदारामच्या बापाने तासून गोल केलेला, दोन्ही टोकांना लोखंडी खिळे. बैल जुंपून खळ्यावर पसरलेल्या धानावरून तो फिरवला, की दोन बैलांच्या खुरांनी दिवसरात्र तुडवून जे होत नाही ते अर्ध्या दिवसात होतं. गावात बेलनं दोनच. एक केशोराव पाटलाचं, ते धानाची मळणी, म्हणजे चुरणं, सुरू झालं की त्याच्या लांबच्या टोल्यावरच्या, वाडीवरच्या शेतीत जायचं आणि होळीलाच दिसायचं. दुसरं शामकलाबाईचं.

एरवी तिने सांगितलं असतं की बाई, माझं धान चुरून होऊ दे, मग ये. पण रुख्मा आली त्या दिवशी ओसरीवर सुलोचनाबाई बसल्या होत्या. शामकलाबाईची धाकटी प्रेमिला त्यांच्या मुलाला दिली होती, माघात लग्न होतं, आणि विहीणबाई गोंदियाहून मांडवाचं बोलायला आल्या होत्या. त्यांचं दुकान भर बाजारात, बोलणं अर्धं हिंदी, आणि पानाचा विडा तोंडात असताना त्या जे बोलायच्या ते चुन्यासारखं नेमकं लागायचं. पंगतीचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आमच्या बिरादरीत बारीक चावल लागते हो समधनबाई. देहातात मोटा चालत असंल, तुमी बुरा नोका मानू. लागल तं आम्ही पाठवून देऊ."

शामकलाबाईच्या कानशिलावरची शीर उडाली. पण आवाज चढू न देता ती म्हणाली, "आमच्या बांधीतलं चिन्नोर हाय. मांडवात घरच्याच चिन्नोराचा भात पडंल. परक्या घरचा एक दाना पत्रावळीवर दिसला तं मले सांगा."

आणि नेमकी तेव्हाच मुळ्याची जुडी घेऊन रुख्मा दारात. आता सांगा, विहिणीसमोर नाही कसं म्हणायचं? "न्या," शामकलाबाई म्हणाली, विहिणीला ऐकू जाईल अशी. "आमच्या घरात नाई म्हनाची रीतच नाई." विहीणबाईंनी मान हलवली. त्या मान हलवण्यासाठी बेलन गेलं.

रुख्माने सांगितलं होतं, आमचं लुचईच हाय काकी, जाडं धान, चटकन होते, झालं की आनून देतो. मग रोज भिंतीवरून नवीन कारण यायचं. बैलाचा पाय मुरगळला. चैतरामला ताप आला. शेवटी एका संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, की चुरणं झालं, उडवणं झालं, सकाळीच पाठवतो.

सकाळी शामकलाबाई खळ्यावर गेली तेव्हा चिन्नोराचा पुंजणा दव पिऊन उभा होता. पिवळा, उंच, शेंड्याला निमुळता. तिने सुखरामला सांगितलं की भारे सोड आणि धान पसर. सुखराम तिच्या घरचा जुना गडी, सालं घालता घालता म्हातारा झालेला. तो डोकं खाजवत म्हणाला, "बेलन येऊ द्या ना बाई. मंग सोडू."

"वस्तू माही हाय. मी बलावलं की येते."

सुखराम भारे सोडायला वाकला. एकेक भारा सुटला, मधल्या मेढीभोवती धान गोल पसरलं गेलं, आणि चिन्नोराचा वास सगळ्या खळ्यावर पसरला. तांदूळ व्हायच्या आधीच वास सुटणारं धान ते. शामकलाबाईने चार दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारली, आणि विहिणीचं तोंड डोळ्यासमोर आणून ती हसली.

मग दिवस वर आला आणि बेलन आलं नाही.

सुखराम बैल घेऊन आणायला गेला. चैतरामचं खळं लांब नव्हतं, मधे फक्त बोरीच्या काट्यांचं कुंपण. इकडून खोकलं तर तिकडे ऐकू जावं. सुखराम बैल घेऊन गेला आणि बैल घेऊनच परत आला. बैलांच्या मागे काही नव्हतं.

"काऊन?"

सुखराम बैलांच्या कासऱ्याकडे बघत बोलला. रास उभी हाय म्हनते. चैतरामची बहीन नंदाबाई सडक अर्जुनीहून याची हाय, पहिलं सूप तिचं. ती आली की रास पुजू, अना रास पुजल्याबगर खळ्यावरची काडी बाहेर जात नाई, असं म्हनते.

"कोन म्हनते? चैतराम?"

"नाई. बाई म्हनते." आणि जरा थांबून, "म्हनते, काकीले ठाऊक हाय."

काकीला ठाऊक होतंच. काकीनेच ते मागच्या वर्षी सांगितलं होतं.

मागच्या वर्षी असं झालं होतं, की रुख्माचं सूप शामकलाबाईच्या खळ्यावर आलं होतं. आता आलं म्हणजे शामकलाबाईने मागितलं नव्हतं. ती कोणाकडे काही मागत नसे. गड्याने कुंपणावरून उचलून आणलं होतं, आणि गड्याने उचललेल्याला उसनं म्हणत नाहीत. रुख्मा सूप न्यायला आली तेव्हा शामकलाबाईची रास उभी होती. शामकलाबाईने तिला खळ्याच्या तोंडाशीच थांबवलं होतं, पायातला जोडा काढायला लावला होता, आणि सगळ्या मजूरबायांसमोर सांगितलं होतं की ही रीत माझ्या सासूने घालून दिली आहे: रास उभी असेतो खळ्यात काही आलं तर येऊ द्यावं, पण खळ्यातून काडीसुद्धा बाहेर जाऊ देऊ नये, लक्ष्मी तिच्या मागे निघून जाते. मग बामण मिळाला नाही, मग उदाराम बाजाराला गेला, असं करत रास तशीच उभी राहिली. रुख्माचं धान वाऱ्याची वाट बघत पडलं होतं. वारा आला तेव्हा सूप नव्हतं, सूप आलं तेव्हा वारा पडला होता. आईने दिलेलं सूप होतं ते. रुख्मा तेव्हा नुसती हसली होती. शामकलाबाईला वाटलं होतं, पटलं तिला.

आपलेच दात, आपलेच ओठ.

उदाराम खळ्यावर आला तेव्हा त्याने आधी धानाकडे पाहिलं आणि मग आभाळाकडे. त्याचं पाहून शामकलाबाईने पण मान वर केली. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या बाजूने ढग उठले होते. पौषातले पांढरे, पोकळ ढग नव्हेत. खालून काळे, मांजरीच्या पोटासारखे लोंबणारे. वाऱ्याला ओला वास होता.

"बांधून घेऊ का परत?" उदारामने विचारलं.

तो सभ्य माणूस होता. सकाळी भारे का सोडले हे त्याने विचारलं नाही. पण सुटलेलं धान परत बांधायचं म्हणजे अर्धे दाणे मातीत. बैलांनी तुडवायचं तर उद्या उजाडेल. घरात न्यायचं तर एवढं तण, म्हणजे दाण्यासकट पेंढा, मावेल कुठे? आणि भिजलं, तर चिन्नोराचं काय होतं ते उदारामला सांगायला नको होतं. लुचई भिजली तर लुचईच राहते. चिन्नोर भिजलं की पिवळं पडतं, वास जातो, आणि शिजवलं की गिजगा, नुसता चिकट लगदा, होतो. मग गोंदियाहून विहीणबाईंची पोती यायची, शिवलेल्या तोंडाची, आणि सगळ्या बिरादरीने ती बैलगाडीतून उतरताना बघायची. प्रेमिलाने ते पोतं जन्मभर डोक्यावर वागवायचं. तुझ्या माहेरी चावल नव्हतं, आम्ही पाठवलं. सासरच्या चुलीपुढे हे वाक्य रोज शिजतं.

"मी जातो मांगाले," उदाराम म्हणाला.

"तुमी नोका जाऊ. तुमी जासाल तं ती चैतरामले पुढं करंल, अना दोघं गडी बिडी पेटवून ढगाकडे पाहत बसाल." शामकलाबाईने लुगड्याचा पदर खोचला. "तिचा सौदा माह्यासंग हाय."

कुंपणाला वळसा घालून ती चैतरामच्या खळ्याच्या तोंडाशी आली. खळं सारवलेलं, स्वच्छ. कडेला लुचईची रास, वर शेणाचा गोळा, त्यात झेंडूचं फूल खोचलेलं. आणि राशीच्या अंगाला टेकवून उभे केलेले, उजव्या बाजूला, घट्ट विणीचे बांबूचे तट्टे. दिवाळीपासूनचे. बेलन पलीकडे पडलं होतं. त्यावर रुख्माचं लुगडं वाळत घातलेलं होतं.

शामकलाबाईने सगळं पाहिलं. तोंडात पुष्कळ आलं. पण खळ्याच्या तोंडाशी तिने पायातला जोडा काढला, कारण रीत ती रीत, आणि तिथेच उभी राहिली. सासूची रीत मोडून आत घुसायचं आणि बेलन ओढून न्यायचं, हेही मनात येऊन गेलं. सुखराम होता, बैल होते. पण मग लक्ष्मी गेली असं रुख्मा ओरडली असती, उद्या तिच्या घरी म्हैस आटली तरी शामकलाबाईचं नाव निघालं असतं. आणि खरं सांगायचं तर शामकलाबाई स्वतः ती रीत मानत होती. मागच्या वर्षी तिने ती सुपासाठी वाकवली होती, पण खोटी नव्हती सांगितली.

रुख्मा राशीपाशी बसून भोवतालचे उडालेले दाणे हाताने गोळा करत होती. तिने मान वर केली. "या ना काकी. जोडा काऊन काढला?"

"तूच सांग."

"मी काय सांगू. मी तं तुमच्यापासून शिकली."

चैतराम मेढीपाशी उभा होता. तो हळूच बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

वाऱ्याची झुळूक आली आणि राशीवरचं फूल हललं. कुंपणापलीकडे शामकलाबाईच्या धानाची सळसळ दोघींनाही ऐकू आली. शामकलाबाईने सांगितलं की नंदाबाई आज येणार नाही, ढग बघून कोणी गाडी सोडत नाही. रुख्मा म्हणाली, ट्रकवाल्यासोबत येते म्हणून निरोप आहे. शामकलाबाई म्हणाली, ट्रकवाला काय तुझ्या खळ्यापर्यंत आणून सोडणार आहे? रुख्मा म्हणाली, मग उद्या येईल, उद्या पुजू. आवाज दोघींचाही चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"तुह्या मनात मागच्या सालचं हाय," शामकलाबाई म्हणाली.

"मनात कायले ठेवू? लोकाइसमोर झालं ते. मनात ठेवाले काई उरलंच नाई."

लांब कुठेतरी ढग गुरगुरला. जातं ओढल्यासारखा, जड.

शामकलाबाई राशीकडे बघत राहिली. मग बेलनाकडे. मग खळ्याच्या सारवलेल्या जमिनीकडे. रास एका अंगाला होती. मेढीभोवतीची जागा मोकळी, झाडून काढलेली. आणि तिच्या सासूचा आवाज तिला आठवला, जसाच्या तसा, तंबाखू खाल्लेल्या तोंडाचा. काडी बाहेर जात नाही. पण आत येते. आत येणाऱ्याला कोणी अडवत नाही, आत येते ती लक्ष्मीच.

उपाय समोर होता. पण तो मागून घ्यावा लागणार होता, आणि शामकलाबाईने सासरी पाय ठेवल्यापासून कोणाकडे काही मागितलं नव्हतं. मीठ संपलं तर त्या दिवशी तिच्या घरी अळणी खाल्लं गेलं होतं, पण वाटी भिंतीपलीकडे गेली नव्हती. आभाळ आणखी खाली आलं.

"बेलन बाहेर जात नाई," ती म्हणाली. "मंग माहं धान आत येते. तुह्या खळ्यावर चुरते मी."

रुख्माने हातातले दाणे राशीवर टाकले. "म्हंजे?"

"म्हंजे काय? समजलं नाई का तुले?"

"समजलं. पन जागा माही हाय ना काकी. तुमी मले सांगून राहिल्या का मागून राहिल्या?"

कुंपणापलीकडे उदाराम आणि सुखराम दोघेही थांबले होते. खाटेवरच्या म्हाताऱ्यासारखे, कान देऊन. शामकलाबाईला ते दिसत नव्हते, पण ते थांबले आहेत हे तिला कळत होतं.

"मागून राहिली," ती म्हणाली.

"काय?"

"जागा. तुहं खळं. आजच्यापुरतं." आणि मग, जसं दाढेखालचा खडा थुंकावा तसं, "उसनं."

रुख्माने तिच्याकडे पाहिलं. शामकलाबाईला वाटलं, हसते की काय ही. हसली असती तर शामकलाबाई तिथून निघून गेली असती, आणि चिन्नोर भिजून गेलं असतं तरी तिने परत मागितलं नसतं. पण रुख्मा हसली नाही. ती उठली, बेलनावरचं लुगडं ओढून काढलं आणि खांद्यावर टाकलं.

"आना," ती म्हणाली. "पन एक आताच सांगून ठेवतो. आत आलेलं रास पुजेपर्यंत बाहेर जानार नाई. तुमच्याच सासूची रीत."

मग सगळे कामाला लागले, कारण वेळ नव्हता. जुन्या लुगड्यांत, चादरींत, पोत्यांत, हाताला लागेल त्यात धान बांधून कुंपणाच्या वाटेने आत येऊ लागलं. उदारामने काट्यांत एक खिंडार पाडलं, चैतरामने आपल्या बाजूने ते मोठं केलं. घरून प्रेमिला धावत आली, माघातली नवरी डोक्यावर तणाचं गाठोडं घेऊन धावताना बघून रुख्मा म्हणाली, "पोरी, हळद लागाची हाय तुले, काटा नोको लावून घेऊ." शामकलाबाईच्या ओठावर आलं की माझ्या पोरीची काळजी तू करू नको. ते तिने गिळलं. उसन्या जागेवर उभं राहून माणूस किती गिळू शकतं ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

बैल जुंपले. बेलन फिरू लागलं. आपलंच बेलन, आपलेच बैल, आपलंच धान, आणि जमीन दुसऱ्याची. शामकलाबाई मागून दाताळ्याने तण उलटवत चालली होती, आणि दुसऱ्या बाजूने रुख्मा. दोघी गोल फिरत होत्या, एकमेकींच्या समोर, बेलन मधे. रुख्माचा हात सुरेख चालायचा, हे शामकलाबाईला कबूल करावं लागलं. मनात. बेलनाचा एक खिळा ढिला होऊन कुरकुरत होता. जाताना तो घट्ट होता. शामकलाबाईने रुख्माकडे पाहिलं. रुख्माने आभाळाकडे पाहिलं.

दिवस कलला तसं तण वेगळं झालं, दाणे खाली राहिले. सुखरामने फावड्याच्या पाठीने ओढून त्यांचा ढीग केला, लुचईच्या राशीपासून हातभर अंतर ठेवून. उडवायचं अजून राहिलं होतं, पण दाणे सुटले होते, एवढं पुरे. आणि सुखराम फावडं टेकतो न टेकतो तोच पहिला थेंब शामकलाबाईच्या मनगटावर पडला. जाडा, थंड.

सगळे तट्ट्यांकडे धावले. उदारामने एक उचलला, चैतरामने दुसरा, आणि दोघे उभे राहिले, कारण तट्टे किती आहेत आणि ढीग किती आहेत ते दोघांनाही एकदमच दिसलं. एक रास झाकली जाईल. दुसरी उघडी राहील.

"खळं माहं हाय," रुख्मा म्हणाली. आता तिचा आवाज गोड नव्हता. "सालभराचं खानं हाय ते, काकी. लेकरं हायत माही."

"तट्टे माहे हायत," शामकलाबाई म्हणाली.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दोघींपैकी एकीनेही पाऊल मागे घेतलं नाही. तट्ट्याचं एक टोक चैतरामच्या हातात, दुसरं आता शामकलाबाईच्या हातात. थेंब वाढले. लुचईच्या राशीवर पडत होते ते टपटप वाजत होते, चिन्नोरावर पडत होते ते वाजत नव्हते, आत जात होते. ओढलं असतं तर तट्टा शामकलाबाईच्या हातात आला असता. चैतराम काही झोंबणारा माणूस नव्हता, आणि वस्तू तिची होती. तिने राशीकडे पाहिलं. जाडी, लालसर लुचई. सालभर याच घराच्या धुराड्यातून तिचा वास भिंतीवरून यायचा, आणि शामकलाबाई नाक मुरडायची. वरचं झेंडूचं फूल थेंबाने खाली घसरलं.

"ढकला," ती ओरडली.

कोणाला कळलं नाही.

"उभे काय राहिले पुतळ्यावानी? मधली जागा मिटवा. माहं धान हिच्या राशीले भिडवा. दोन्हीवर मिळून पुरतीन तट्टे."

"काकी, मिसळंल ना," रुख्मा म्हणाली. "चिन्नोर हाय तुमचं. लग्नाचं."

"तुले मले सांगाची गरज हाय का ते चिन्नोर हाय म्हून? ढकल."

फावड्याने, दाताळ्याने, हातांनी, शेवटी तर पायांनी त्यांनी दोन्ही ढीग एकमेकांना भिडवले. कडेला कडा लागली आणि दाणे एकमेकांत घरंगळले. वर तट्टे पडले, तट्ट्यांवर तण, तणावर दगड. रुख्माचं वाळत घातलेलं लुगडंही गेलं त्यावर, आणि शामकलाबाईच्या डोक्यावरचं पोतंही. मग पाऊस आला. बायका दोन्ही बाजूंनी तट्टे दाबून ओणव्या बसल्या, पाठीवरून पाणी वाहत होतं, आणि मधे त्यांच्या पोटाशी धान कोरडं होतं.

त्या तशा बसल्या असताना रुख्मा म्हणाली, "तट्टे मी दिवाळीतच देनार होतो, काकी."

"हो," शामकलाबाई म्हणाली. "दिसून राहिलं."

नंदाबाई दुसऱ्या दिवशी आली, ट्रकमधून उतरून चिखलातून चालत, पायात चिखलाचे बूट. तिच्या सुपात पहिले दाणे पडले, नारळ फुटला, रास पुजली गेली. मग वाटणी. शामकलाबाईने आपल्या बाजूने घेत घेत आत यायला सुरुवात केली, रुख्माने तिच्या बाजूने. कडेकडेचं साफ होतं. मधे, जिथे भिडलं होतं, तिथे जाडे आणि बारीक दाणे असे एकमेकांत बसले होते की ब्रह्मदेवाचे डोळे फुटले असते. दोघी समोरासमोर बसून तो पट्टा निवडू लागल्या, आणि निवडता निवडता दोघींनाही कंटाळा आला, पण आधी हात कोण उचलणार? शेवटी रुख्माने मधे सुपाच्या कडेने एक रेघ ओढली. शामकलाबाईने ती रेघ बोटाने किंचित रुख्माकडे सरकवली. रुख्माने ती बघितली आणि सोडून दिली. बेलन त्याच संध्याकाळी घरी आलं, ढिल्या खिळ्यासकट. तट्टे आले नाहीत; ते ओले होते, वाळले की देतो म्हणाली.

माघात लग्न लागलं. चिन्नोराचा वास मांडवाच्या बाहेर बोरीच्या कुंपणापर्यंत जात होता. प्रेमिलाच्या सासरची मंडळी पहिल्या पंगतीला बसली. शामकलाबाई पदर खोचून पंगतीच्या मधून फिरत होती, हात वर, आग्रहाला. भात वाढायला भिंतीपलीकडची रुख्मा होती. त्या दिवशी पहाटेपासून ती राबत होती, कोणी बोलावायची वाट न बघता.

सुलोचनाबाई खातखात थांबल्या. त्यांनी पत्रावळीवरचे चार दाणे बोटाने वेगळे केले. जाडे, आखूड, लालसर दाणे, पांढऱ्या चिन्नोरात उठून दिसणारे. आजूबाजूच्या दोघीतिघींनी आपापल्या भातात बोट घातलं. त्यांनाही सापडले.

"समधनबाई," विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, सगळी पंगत ऐकेल अशा. "ये तो बाहेरचा दाना दिसते. तुमी तं म्हनत होत्या, परक्या घरचा एक दाना..."

आडोशाला उभ्या असलेल्या प्रेमिलाने मुंडावळ्यांच्या आडून आईकडे पाहिलं. भाताची परात घेतलेली रुख्मा दोन पत्रावळींच्या मधे थबकली, आणि तिचं तोंड उतरलं. शामकलाबाईला एक वाक्य पुरलं असतं: शेजारणीच्या खळ्यावर ठेवलं होतं, तिने मिसळलं. खोटं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

शामकलाबाई विहिणीसमोर आली, वाकली, आणि ते चार दाणे नीट बघितले, जसं काही ती पहिल्यांदाच बघत होती.

"परका कायले असंल?" ती म्हणाली. "लुचई हाय. भिंतीपलीकडची, रुख्माच्या घरची. पावसात माह्या धानासंग निजली होती. मी उसनी आनली, वापस कराची राहिली."

विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग परात घेतलेल्या बाईकडे, मग परत दाण्यांकडे. आणि दाणे तोंडात टाकले. दुसरं करणार काय?

रुख्मा पुढे आली आणि तिने शामकलाबाईच्या विहिणीच्या पत्रावळीवर न विचारता भाताची आणखी एक मूद ठेवली.

"असू द्या ना काकी," मान वर न करता ती म्हणाली. "मले घाई नाई."